जुनी कृत्रिम फुलं : पुन्हा वापरायचे उपाय

केवडा
गौरी-गणपतीची आरास उतरली की दरवर्षी हाच पसारा उरतो: कापडी गुलाब, झेंडूच्या लडी, ऑर्किडचे झुबके, हिरव्या पानांच्या वेली. रंग थोडे उतरलेले, पण फाटलेलं काहीच नाही. काचेच्या बरणीत खोचून कोपऱ्यात ठेवणं सोडून यांचं खरोखर टिकेल असं काय करता येतं? तोरण, रांगोळीचा गालिचा, मखराची पाठ, डोहाळजेवणाचे दागिने, यांपैकी ज्याला जे नीट येतं त्याने मापांसकट लिहा. मोघम कल्पना व्हिडिओंत भरपूर आहेत.

सुईदोरा
कल्पना मागाहून, आधी फुलं सुटी करा. अख्खं फूल तसंच दुसरीकडे चिकटवलं की ते 'जुनं फूल दुसरीकडे चिकटवलंय' असंच दिसतं. सुटं केलं की तोच माल नवा होतो.

कापडी गुलाबाची रचना सोपी असते. दांड्याच्या टोकाला प्लॅस्टिकची खुंटी, तिच्यावर खालून हिरवा देठकप, मग पाकळ्यांचे थर आणि मधे कळी. फूल एका हाताने, दांडा दुसऱ्या हाताने धरून सरळ ओढलं की बहुतेक वेळा वेगळं होतं. पिळू नका, पिळलं की खुंटी आत तुटते. निघालंच नाही तर देठकपाला बाजूने कात्रीने एक चीर द्या. प्रत्येक थर म्हणजे एकाच तुकड्यात कापलेल्या पाच पाकळ्या आणि मधे भोक. थर न कापता तसेच एकात एक रचून ठेवा, जागा कमी लागते.

मग मालानुसार तीन ढीग करा. कापडी पाकळी कापलेल्या कडेला दोरे सोडते. मेणचट लागणारी, दुमडून सोडली तर घडी न राहणारी ती पॉलिथिन, झेंडूच्या लडी आणि बरीचशी पानं याचीच असतात. बोटाने दाबल्यावर परत फुगणारी ती फोमची. हे वेगळं करायचं कारण असं की तिन्हींना धुणं, चिकटवणं, रंगवणं वेगवेगळं लागतं. ग्लू गनने लावलेली पानं महिन्याभरात टपाटप पडतात ना, ती पॉलिथिनची असतात. त्याला गरम गोंद धरतच नाही, नुसता वर बसतो.

पक्कड
दांड्यांबद्दल. आत लोखंडी तार असते, ती शिवणाच्या कात्रीने कापू नका, धारेला खाच पडते. साइड कटर किंवा पक्कड वापरा. कापताना टोक उडतं, म्हणून ते टोपलीकडे किंवा जमिनीकडे धरून कापा.

कापलेल्या टोकाची तार उघडी पडते आणि पावसाळ्यात गंजते. गंजाचा तपकिरी डाग कापडावर उतरला की जात नाही. टोकाला नेलपॉलिशचे दोन हात द्या किंवा हिरवी फ्लोरल टेप गुंडाळा. ही टेप ताणल्याशिवाय चिकटत नाही, ओढून धरत गुंडाळायची. घरात नसेल तर इन्सुलेशन टेप चालते, फक्त उन्हात तिचा चिकटा सुटतो.

चांगले लांब दांडे टाकू नका. मागच्या बाजूच्या आधाराला, कुंडीतल्या वेलाला, मखरात पट्ट्या बांधायला उपयोगी पडतात.

खडीसाखर
धुण्याची पद्धत: पाच लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक छोटा चमचा. कढत पाणी नको, पाकळीची चुणी त्याने उघडते. फूल उलटं धरून दोन-तीन मिनिटं हलवायचं, चोळायचं नाही. साध्या पाण्यातून दोनदा काढून दोरीवर डोकं खाली करून सावलीत टांगायचं. सुटे थर जाळीच्या पिशवीत घालून बुडवले की हरवत नाहीत. कागदी फुलं आणि ज्यांच्या आत पुठ्ठा आहे ती पाण्यात घालूच नका, मऊ ब्रशने झटका.

पिशवीत जाडं मीठ घालून फुलं हलवायची युक्ती सगळीकडे सांगतात. कोरडी धूळ तिने निघते, पण समईचा आणि फोडणीचा तेलकट थर निघत नाही. शिवाय आपल्या दमट हवेत पाकळीत अडकलेलं मीठ पाणी ओढतं आणि तार गंजवतं. त्याऐवजी वाटीभर कोरडा रवा घ्या, जुन्या उशीच्या अभ्र्यात फुलांसोबत मिनिटभर हलवा, मग नीट झटका. रवा आत राहिला तर मुंग्या येतील, तेवढं बघा.

नारिंगी
लाल-मरून फुलांचा रंग जातो का हे आधी कसं ओळखायचं?

खडीसाखर
पांढरा रुमाल ओला करून पाकळीच्या मागे दहा सेकंद दाबा. गुलाबी छटा आली तर ते फूल एकटंच धुवा. दागिन्यांत, पांढऱ्या कापडावर किंवा शाडूच्या मूर्तीजवळ वापरू नका, दमट हवेत नुसत्या टेकण्यानेही डाग पडतो. ज्यांचा रंग जातो ती भिंतीवरच्या चौकटीत लावून संपवा.

गालिचावाली
सुट्या पाकळ्यांचा सगळ्यात चांगला वापर म्हणजे रांगोळीचा गालिचा. गुंडाळून ठेवता येतो, दिवाळीला उलगडला की झालं.

३० सेंटिमीटर व्यासाच्या एका गोलाचा हिशेब देते. तळाला २ मिलिमीटर जाडीचं फेल्ट (दाबून केलेलं, दोरे न सुटणारं कापड) किंवा जुन्या जीन्सचं कापड घ्या. पुठ्ठा नको, लादी पुसताना ओल लागली की फुगतो. पेन्सिलने कडेपासून आत दर २ सेंटिमीटरवर वर्तुळं काढा. थर कापून पाकळ्या सुट्या करा. पाकळी साधारण ४ सेंटिमीटर लांब असली तर २ सेंटिमीटर दिसते आणि उरलेली पुढच्या ओळीखाली झाकली जाते. लावायची सुरुवात बाहेरच्या कडेपासून, मध्याकडे यायचं, कौलं जशी वळचणीपासून आढ्याकडे चढतात तशी. मध्यापासून सुरू केलं की प्रत्येक ओळीची गोंदाची बाजू उघडी राहते.

प्रत्येकी अडीच सेंटिमीटर रुंदी दिसेल असं धरलं तर बाहेरच्या ओळीला ३८ पाकळ्या, मग ३३, २८, २३, १८, १३ आणि आतल्या ओळीला ८. एकूण १६१. पाच थरांच्या गुलाबातून २५ निघतात, म्हणजे सात गुलाब लागतात. खराब पाकळ्या निघणारच, आठ धरा. मधे एक छोटी अख्खी कळी किंवा आरसा.

रंगसंगतीत एकच सांगते. उतरलेले रंग बाहेर आणि ताजे आत ठेवले तर छटा मुद्दाम केल्यासारखी दिसते. उलट केलंत तर गालिचा मळलेला वाटतो.

केवडा
चिकटवायला काय? फेव्हिकॉल चालेल?

गालिचावाली
फेव्हिकॉल पॉलिस्टरच्या पाकळीतून वर येतो आणि वाळल्यावर कडक, चकचकीत ठिपका राहतो. फेल्टवर ग्लू गन बरी. गोंद पाकळीला न लावता फेल्टवर ज्वारीच्या दाण्याएवढा टाका आणि पाकळी त्यावर टेकवा. बोटाने दाबू नका, पातळ पाकळीतून चटका बसतो. पेन्सिलचं मागचं टोक वापरा. फेव्हिक्विक अजिबात नको. पाकळीवर पांढरी वाफ बसल्यासारखा डाग येतो आणि सुती कापडावर जास्त पडला तर कापड तापतंसुद्धा.

सुईदोरा
ग्लू गनवर सगळं सोडू नका एवढंच म्हणणं आहे. गरम गोंद उष्णतेने लावलेला असतो, उष्णतेनेच सुटतो. पश्चिमेचं ऊन खाणारं दार, तापलेला लोखंडी सेफ्टी डोअर, गाडीचा डॅशबोर्ड या तिन्ही जागी तो एप्रिल-मेमध्ये मऊ पडतो आणि फुलं घसरतात. जे घडी होणार, धुतलं जाणार किंवा उन्हात राहणार ते शिवा. गालिच्याच्याही बाहेरच्या दोन ओळींना हातशिलाईचा एक टाका घातला तर कडा उचकटत नाहीत. रांगोळी पुसणारा माणूस नेमकी कड धरूनच उचलतो.

गालिचावाली
कडेला टाका मान्य. पण १६१ च्या १६१ पाकळ्या शिवायला सांगितल्या तर गालिचा पुढच्या दिवाळीत पुरा होईल :)

पक्कड
ग्लू गन घेताना: ७ मिलिमीटर कांडीची छोटी, साधारण २० वॅटची, पाकळ्यांना पुरे. ११ मिलिमीटरची मोठी गन लाकूड-पाइपसाठी, तिचा गोंद जास्त पडतो आणि ऑर्गंझाची (पातळ, पारदर्शक कापडाची) पाकळी आकसते. गन तापायला पाच मिनिटं द्या. अर्धवट तापलेला गोंद दाट येतो, धरत नाही आणि तारा सुटतात. काम झाल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या त्या तारा हेअर ड्रायरच्या गरम झोताने दोन सेकंदांत आकसून जातात. झोत एका जागी धरू नका.

काठपदर
झेंडूच्या लडींचं तोरण. लडी जशाच्या तशा दारावर टांगल्या की मधे झोळ पडतो आणि फुलं घसरून एका जागी गोळा होतात. म्हणून फुलं ओढून मोकळी करा आणि नव्याने ओवा.

चौकटीसकट १०० सेंटिमीटर रुंदीच्या दारासाठी: जुन्या साडीच्या काठाची १०० बाय ५ सेंटिमीटरची पट्टी, आत बकरम (ताठ अस्तर) घालून शिवलेली. बकरम नसेल तर पट्टी दोन ठिकाणी मोडते. तिच्यावर ५ सेंटिमीटरची २० झेंडूफुलं एका ओळीत. दोन्ही टोकांना सहा-सहा फुलांचे सर, मधे तीन-तीन फुलांचे पाच सर. एकूण ४७ फुलं होतात, ५० काढून ठेवा. मधले सर १५ सेंटिमीटरपेक्षा लांब करू नका, उंच माणसाच्या डोक्याला लागतात आणि दोन दिवसांत कुणीतरी ते वर गुंडाळून ठेवतं.

ओवायला तंगूस (नायलॉनचा दोरा) घेऊ नका. गाठ सुटते आणि तो मऊ प्लॅस्टिकला हळूहळू चिरतो. मेण लावलेला जाड सुती दोरा आणि दाभण. झेंडूच्या मधलं भोक दोऱ्यापेक्षा बरंच मोठं असतं, म्हणून प्रत्येक फुलाखाली ८ मिलिमीटरचा मणी आणि मण्याखाली गाठ. मणी भोकापेक्षा लहान असला तर फूल त्याला गिळतं आणि सर पुन्हा घसरतो. शेवटी घुंगरू किंवा गोंडा. वजन असल्याशिवाय प्लॅस्टिकचा सर सरळ लटकत नाही, वाऱ्याने वळतो.

पट्टीवरची २० फुलं टाक्यानेच लावायची: दोरा खालून वर, मण्यातून, परत खाली.

आंब्याच्या पानांच्या जागी जुन्या हिरव्या वेलीची पानं लावायची असतील तर लांबट पानंच घ्या. मनी प्लांटची किंवा द्राक्षाची पानं तोरणात घातली की हॉटेलच्या सजावटीसारखं दिसतं.

नारिंगी
पट्टीला कड्या कुठे?

काठपदर
मागे तीन: दोन टोकांना, एक मधोमध. मधली बहुतेक जण विसरतात आणि झोळ तिथेच पडतो.

मखरकर
मोठ्या साठ्याचा उपयोग मखराच्या पाठीसाठी. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा जाळी आणि पाइपची चौकट हा चांगला मार्ग. दरवर्षी सुटी करून पलंगाखाली जाते.

३ फूट रुंद, ४ फूट उंच चौकटीला अर्धा इंची पीव्हीसी पाइप १८ फूट लागतो: वर ३, खालचा आडवा ३, दोन उभे चार-चार, त्यांच्याखाली अर्ध्या फुटाचे दोन तुकडे आणि पायांसाठी पाऊण फुटाचे चार. २० फुटी एक पाइप पुरतो. वर दोन एल्बो (काटकोनी जोड), खालच्या आडव्या दांडीला दोन टी (तीन तोंडांचे जोड), पायांना आडवे ठेवलेले दोन टी, पायांच्या टोकांना चार टोप्या. पायांत वाळू भरून टोप्या लावा, नाहीतर फुलांच्या वजनाने चौकट पुढे झुकते. जोडांना सॉल्व्हंट सिमेंट (पाइप चिकटवायचा गोंद) लावू नका, सुटणार नाही. जोड सैल वाटला तर पाइपच्या टोकाला सेलोटेपचे दोन वेढे.

जाळी बागेची, एक इंची चौकोनांची. चौकटीला ४ इंची केबल टायने ताणून बांधा, आधी चार कोपरे, मग बाजू. फुलांचा हिशेब इथेच चुकतो. ७-८ सेंटिमीटरच्या फुलांनी जाळी पूर्ण झाकायची तर चौरस फुटाला १६ ते २० लागतात, म्हणजे १२ चौरस फुटांना साधारण १९० ते २४०. घरात एवढी कुणाकडे नसतात. म्हणून आधी जुन्या पानांच्या वेली आडव्या-उभ्या विणून जाळी हिरवी करून घ्या आणि फुलं दोन विरुद्ध कोपऱ्यांतच दाट लावा, उदाहरणार्थ वर डावीकडे ३० आणि खाली उजवीकडे २०. मधली जागा मूर्तीच्या मागे जाते, तिथे फुलं घालणं वाया.

फूल जाळीला लावताना दांडा ५ सेंटिमीटर ठेवून कापा, जाळीतून मागे घाला आणि तार दोनदा गुंडाळा. गोंद नाही, टाय नाही. पुढच्या वर्षी रंगसंगती बदलता येते.

केवडा
समई-निरांजन जवळ असतं. धोका?

मखरकर
आहेच. पॉलिस्टर आणि पॉलिथिन दोन्ही पेट घेतात आणि वितळून थेंब गळतो, तो जिथे पडेल तिथे चिकटून जळतो. ज्योतीपासून बाजूने किमान एक फूट आणि वर काहीही लोंबतं नको. आरती फिरवताना हात जिथवर जातो तो भाग मोकळा. फुलांनी सजवलेले पणतीचे होल्डर विकायला असतात, ते बॅटरीच्या दिव्यासाठीच वापरा. एलईडीच्या माळेचा अडॅप्टर फुलांच्या मागे दडवू नका, तो तापतो. बाहेर ठेवा, दिसला तर दिसला.

बाजूबंद
डोहाळजेवण आणि हळदीचे दागिने. यासाठी २ ते ३ सेंटिमीटरची छोटी फुलंच. मोठा गुलाब कानात घातला की कान खाली येतो आणि फोटोत फक्त गुलाब दिसतो. मोठ्याच्या आतले दोन थर आणि कळी काढून छोटं फूल तयार होतं, बाहेरचे थर गालिच्याला.

प्रत्येक फुलाच्या मागे अडीच सेंटिमीटरचा फेल्टचा गोल. खुंटी पूर्ण कापून सपाट करा, तार अजिबात नको, ती टोचते आणि घामाने गंजते. क्रम असा: फेल्टला आधी कडी किंवा फिरकीचा खिळा टाक्याने, मग फूल गोंदाने, मग मागून दुसरा फेल्टचा गोल. कडी नुसत्या गोंदावर ठेवली तर कार्यक्रमाच्या मध्येच सुटते.

कंबरपट्टा आणि बाजूबंद लवचिक पट्टीवर करू नका. ताणल्यावर फुलांमधल्या फटी दिसतात आणि पोटावर दाब येतो. साध्या रिबिनीवर फुलं आणि मागे बांधायला एक-एक हात लांब टोकं. मापाची चिंताच नाही, हा सेट पुढच्या घरी सहज जातो.

गजऱ्यासाठी पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके. एकेक फूल एक सेंटिमीटर देठासकट कापून सुती दोऱ्यात पाच-पाचचे पेड गाठवायचे, खऱ्या गजऱ्यासारखंच, एक पेड उजवीकडे, एक डावीकडे. २० सेंटिमीटरला साधारण १०० फुलं जातात. वास हवा तर अत्तर दोऱ्याला लावा, फुलांना नको, तेलाचा डाग पडतो.

रंगारी
उतरलेल्या रंगाबद्दल कुणीच लिहिलं नाही. कापड रंगवायची साधी पुडी पॉलिस्टरवर चढत नाही, रंग पाण्याबरोबर निघून जातो. चहाच्या पाण्यात भिजवून जुनाट छटा आणायची कृतीही सुती पाकळीवरच चालते.

ॲक्रिलिक रंग एक भाग, पाणी तीन भाग. पाकळी ओली करून कडेला ब्रश टेकवला की रंग आत पसरत जातो आणि कड गडद राहते. उतरलेल्या गुलाबी फुलाला कडेने मरून दिलं की ते नवंच दिसतं. जास्त दाट लावलं तर पाकळी पुठ्ठ्यासारखी होते आणि दुमडली की रंग तडकतो. सोनेरी कड हवी असेल तर उलट करा: रंगात पाणी नाही, ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा, फक्त कडेवरून फिरवायचा. पॉलिथिनच्या झेंडूवर ॲक्रिलिक नखाने सोलून निघतं, त्यावर वेळ घालवू नका.

चुरगळलेल्या पाकळीला इस्त्री सगळ्यात कमी तापावर, वर सुती रुमाल, दोन सेकंद. रुमाल न ठेवता टेकवलीत तर पाकळी इस्त्रीला चिकटते, आणि मग इस्त्री साफ करण्याचा वेगळा धागा काढावा लागेल.

सुईदोरा
ज्या पाकळ्या इस्त्रीनेही सरळ होत नाहीत त्यांची नवीन फुलं करा. ६, ५ आणि ४ सेंटिमीटरचे गोल कापा, प्रत्येकी दोन. मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर नाही, बाजूला, २-३ सेंटिमीटर अंतरावर कड फिरवा. पॉलिस्टर आकसून आत वळतं आणि दोरे सुटायचे थांबतात. पिवळ्या ज्योतीत गेलं की काजळी धरते. चिमट्याने धरा, खिडकी उघडी ठेवा, शेजारी पाण्याची वाटी, पोरांना लांब. मोठ्यापासून छोट्यापर्यंत रचून मधे मणी आणि एक टाका. पडद्याच्या पट्ट्यांना, कापडी पिशव्यांना, राख्यांना हीच फुलं चालतात. आधी एका कोपऱ्यावर करून बघा: सुती असेल तर आकसत नाही, जळून काळी पडते.

निर्माल्य
मूळ प्रश्नात नाही, तरी लिहितो. ही फुलं निर्माल्य कलशात टाकू नका. त्यातल्या निर्माल्याचं खत करतात, आणि झेंडूच्या खऱ्या लडीत मिसळलेली प्लॅस्टिकची लड वेचून काढायला हातानेच बसावं लागतं. तार, कापड आणि दोन-तीन प्रकारचं प्लॅस्टिक एकत्र असल्याने भंगारवालाही घेत नाही. शेकोटीत तर मुळीच नको, पीव्हीसी असेल तर धूर विषारी. जे खरंच संपलं ते सुटं करून तार भंगारात, बाकी सुक्या कचऱ्यात.

फूलशेतीवाल्यांची प्लॅस्टिकच्या फुलांवर बंदीची मागणी आहे, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात त्यावर चर्चाही झाली. बंदी येवो न येवो, घरात आहेत ती वापरून संपवा आणि नवी लड घेताना हात आखडा.

काठपदर
+१. देवाला वाहायला खरी फुलं, आराशीला ही.

केवडा
सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न, सुटे केलेले थर वर्षभर ठेवायचे कसे?

खडीसाखर
पूर्ण वाळल्यावरच. सावलीत दोन दिवस, पावसाळी हवा असेल तर चार. थर रंगवार दोऱ्यात ओवून माळ करा, टोकाला मोठं बटण बांधा, आणि माळा पुठ्ठ्याच्या खोक्यात आडव्या ठेवा. घट्ट प्लॅस्टिक पिशवीत थोडी जरी ओल राहिली तरी काळे ठिपके येतात. नव्या चपला-पर्सच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबराच्या गोळ्या टाकणार असाल तर कापडात बांधून लांबच्या कोपऱ्यात. प्लॅस्टिकला टेकल्या की काही प्लॅस्टिक मऊ पडून एकमेकांना चिकटतं. खोक्यावर वजन ठेवू नका.

पक्कड
आणि खोक्यावर आत किती आहेत ते लिहून ठेवा. 'गुलाब मरून, ४० थर' असं. नाहीतर ऑगस्टमध्ये पुन्हा तुळशीबागेत जाऊन तेच घेऊन याल.